विजयदुर्गची पिवळी रेषा आणि सोन्याच्या जन्माचा लाल प्रकाश

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग किल्ल्यावर अलीकडच्या काही वर्षांपासून १८ ऑगस्ट हा दिवस 'हेलियम दिन' म्हणून साजरा केला जातो. १८६८ साली याच तारखेला झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाने हेलियमच्या शोधाची वाट मोकळी केली. योगायोग असा, की बरोबर १४९ वर्षांनी, १८ ऑगस्ट २०१७ रोजी भारतीय वेळेनुसार पहाटे पाचच्या सुमारास, चिलीतील लास कंपानास वेधशाळेच्या एक मीटर व्यासाच्या 'स्वोप' दुर्बिणीने सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका दीर्घिकेत नवा प्रकाशबिंदू टिपला. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळून उधळलेल्या द्रव्याचा तो प्रकाश होता. सोने, प्लॅटिनम, युरेनियम यांसारखी जड मूलद्रव्ये विश्वात कोठे घडतात, या जुन्या प्रश्नाचे उत्तर त्या प्रकाशात दडलेले होते.

दोन्ही प्रसंगी शास्त्रज्ञांपुढचा प्रश्न एकच होता. जेथे हात पोहोचणार नाही तेथील पदार्थ केवळ प्रकाशावरून ओळखायचा कसा? हेलियमच्या बाबतीत एका ठसठशीत पिवळ्या रेषेने उत्तर दिले. २०१७ मध्ये मात्र रेषा इतक्या अगणित होत्या, की त्यांतील बहुतेक वेगळ्या दिसूच शकल्या नाहीत. जड मूलद्रव्यांनी आपली ओळख प्रकाश देऊन नव्हे, तर प्रकाश अडवून पटवली.

साहेबाचे कट्टे

वाघोटण खाडीच्या मुखाशी उभ्या असलेल्या विजयदुर्गावर आजही 'साहेबाचे कट्टे' दाखवले जातात. सर नॉर्मन लॉकियर या ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञाने येथूनच १८६८ मध्ये हेलियम शोधला, असे अनेकदा सांगितले आणि छापलेही जाते. वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे. १८६८ च्या ग्रहणावेळी लॉकियर इंग्लंडमध्ये होते. त्या ग्रहणाचे वेध फ्रान्सचे पिएर जान्सेन यांनी गुंटूर येथून, नॉर्मन पॉगसन यांनी मछलीपट्टण येथून, तर लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी तेव्हाच्या पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानातून घेतले. सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा दिसल्या. त्यांतील पिवळी रेषा सोडियमची असावी, असा अनेकांचा समज झाला. लॉकियर यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहण नसताना, इंग्लंडमधूनच त्या ज्वालांचा वर्णपट मिळवला आणि ही पिवळी रेषा सोडियमच्या जागी बसत नाही हे दाखवले. सोडियमच्या जोडरेषा ५८९.० व ५८९.६ नॅनोमीटरवर आहेत. ही रेषा ५८७.६ वर होती. एवढ्याशा फरकावर एक नवे मूलद्रव्य उभे राहिले. पृथ्वीवर ते सापडण्यास १८९५ साल उजाडावे लागले. विल्यम रॅम्से यांना ते युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत मिळाले.

लॉकियर विजयदुर्गला आले ते त्यानंतर, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. 'मेलपोमिनी' या ब्रिटिश युद्धनौकेवरील नौसैनिकांना हाताशी धरून त्यांनी किल्ल्यावर निरीक्षणाचा तळ उभारला. दुर्बिणीपुढे लोलक बसवलेल्या कॅमेऱ्यांनी त्यांनी सूर्याच्या निमुळत्या कडेचे वर्णपट घेतले. अशा छायाचित्रात प्रत्येक मूलद्रव्याचा प्रकाश स्वतंत्र चंद्रकोरीसारखा उमटतो. त्याच ग्रहणाचे वेध पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी जेऊर येथून घेतले होते. विजयदुर्गाचे महत्त्व त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. वर्णपटाचे शास्त्र कोकणच्या किनाऱ्यावर प्रत्यक्ष राबवले गेले, हा मान त्याचाच आहे. मात्र हेलियमच्या शोधाचे श्रेय त्याच्या माथी मारण्याचे कारण नाही.

या शास्त्राचा पाया साधा आहे. अणूतील इलेक्ट्रॉन ठरावीक ऊर्जापातळ्यांवरच राहू शकतात. एका पातळीवरून दुसरीवर जाताना ते नेमक्या तेवढ्याच ऊर्जेचा, म्हणजे नेमक्या एका तरंगलांबीचा प्रकाश शोषतात किंवा बाहेर टाकतात. हेलियमजवळ इलेक्ट्रॉन दोनच; त्यामुळे त्याच्या रेषा मोजक्या, सुट्या आणि ओळखायला सोप्या. मूलद्रव्य जड होत जाते तसा हा हिशेब गुंतागुंतीचा होतो, आणि काही विशिष्ट मूलद्रव्यांपाशी तो हाताबाहेर जातो.

आकाशातील भट्टी

न्यूट्रॉन तारा म्हणजे मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर मागे उरलेला गाभा. सूर्याच्या सुमारे दीडपट वस्तुमान अवघ्या वीसेक किलोमीटर व्यासाच्या गोळ्यात ठासलेले असते. हा गोळा मालवण आणि कुडाळ यांच्या दरम्यान सहज मावेल. असे दोन तारे एकमेकांभोवती फिरता फिरता जवळ येतात आणि शेवटी आदळतात, तेव्हा त्यांच्यातील थोडे द्रव्य प्रकाशाच्या वेगाच्या एक दशांश ते तीन दशांश इतक्या प्रचंड वेगाने बाहेर फेकले जाते. या द्रव्यात न्यूट्रॉनांचा सुकाळ असतो. अणुकेंद्रे एका सेकंदाच्या आत न्यूट्रॉनामागून न्यूट्रॉन गिळत जातात, मग त्यांतील काही न्यूट्रॉनांचे प्रोटॉनात रूपांतर होते आणि मूलद्रव्य अणुक्रमांकाच्या शिडीवर वर चढते. लोखंडापलीकडची निम्मी मूलद्रव्ये अशा जलद न्यूट्रॉन-ग्रहणातून घडतात, हे मार्गारेट व जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि फ्रेड हॉईल यांनी १९५७ मध्येच मांडले होते. हॉईल हे डॉ. जयंत नारळीकर यांचे गुरू म्हणून मराठी वाचकांना परिचित आहेत. ही भट्टी नेमकी कोठे पेटते, हे मात्र त्या चौघांनाही ठाऊक नव्हते. न्यूट्रॉन ताऱ्यांकडे बोट दाखवले गेले ते १९७४ नंतर.

बाहेर फेकलेली नवी अणुकेंद्रे अस्थिर असतात. त्यांच्या किरणोत्सर्गी ऱ्हासातून निघणारी उष्णता द्रव्याला तापवते व ते प्रकाशू लागते. याच घटनेला २०१० पासून 'किलोनोव्हा' हे नाव रूढ झाले, कारण तिची तेजस्विता साध्या नवताऱ्याच्या सुमारे हजारपट असते. २०१७ च्या घटनेत अशा प्रकारे उधळले गेलेले द्रव्य सूर्याच्या वस्तुमानाच्या साधारण पाच शतांश असावे, असा अंदाज आहे. ऐकताना हे थोडे वाटते. पृथ्वीच्या मापाने ते सोळा हजार पृथ्व्यांएवढे भरते.

चौदा आसने आणि हजार मांडण्या

आता मुख्य मुद्दा. आत निर्माण झालेला प्रकाश बाहेर यायला हवा, आणि वाटेत जे द्रव्य आहे ते त्याला किती अडवते यावर त्याचा रंग, तेज व आयुष्य ठरते. या अडवण्याच्या मापाला 'अपारदर्शकता' म्हणतात. २०१३ पर्यंतच्या बहुतेक गणितांत किलोनोव्हाचे द्रव्य लोखंडाइतकेच प्रकाश अडवील, असे गृहीत धरले जाई. त्या वर्षी अमेरिका आणि जपानमधील दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले, की हे गृहीतक दहा ते शंभर पटींनी चुकीचे असू शकते. याला कारण लँथनाइड गटातील मूलद्रव्ये.

लँथनाइड म्हणजे अणुक्रमांक ५७ ते ७१ पर्यंतची पंधरा मूलद्रव्ये. लँथनम, सिरियम, निओडायमियम ही त्यांतील काही नावे. ती काही केवळ आकाशातली नव्हेत. केरळातील चवरा व तमिळनाडूतील मनवाळकुरिची येथील किनाऱ्याच्या रेतीत मोनाझाइट नावाचे जे खनिज सापडते, त्यात ती असतात. लायटरच्या चकमकीत सिरियम असते आणि इअरफोनमधील इवलेसे चुंबक निओडायमियमचे असते.

या मूलद्रव्यांचे वैशिष्ट्य त्यांच्या इलेक्ट्रॉनांच्या बैठकीत आहे. त्यांचे 'एफ' नावाचे आतले कवच अर्धवट भरलेले असते. या कवचात चौदा आसने असतात. निओडायमियमचे चार इलेक्ट्रॉन तेथे बसतात. चौदा आसनांवर चार जण किती प्रकारे बसू शकतील? उत्तर आहे १,००१. लोखंडाच्या तशाच कवचात आसने दहा व इलेक्ट्रॉन सहा. त्यांच्या मांडण्या होतात २१०. हेलियमच्या कवचात आसने दोन आणि बसणारेही दोन, मांडणी एकच. प्रत्येक मांडणीची स्वतंत्र ऊर्जापातळी नसते, तरीही पातळ्यांची संख्या याच प्रमाणात फुगत जाते. हा हिशेब केवळ एका कवचाचा झाला. एखादा इलेक्ट्रॉन उठून बाहेरच्या कवचात गेला, की शक्यतांचा पुन्हा गुणाकार होतो. शिवाय वर्णपटातील रेषा ही दोन पातळ्यांमधील उडी असल्याने रेषांची संख्या पातळ्यांच्या जवळपास वर्गाने वाढते. अशा रीतीने एकट्या निओडायमियमच्या रेषा लाखांच्या घरात जातात.

त्यातच द्रव्य फुगत असते. बाहेर निघालेल्या प्रकाशकणाला पुढचा प्रत्येक थर आपल्यापासून दूर पळताना दिसतो. म्हणजेच त्या थराच्या दृष्टीने प्रकाशाची तरंगलांबी वाढत जाते. ज्या रेषेतून तो सुटला, तिच्यापुढे लगेच दुसरी रेषा त्याची वाट पाहत उभी असते. आंगणेवाडीच्या जत्रेतून बाहेर पडणाऱ्या माणसाची कल्पना करावी. परगावचा पाहुणा असेल तर गर्दीतूनही तो झपझप निघून जाईल. पण पंचक्रोशीत ज्याला सारेच ओळखतात, त्याला पावलापावलावर कोणी ना कोणी थांबवणार. रात्र सरत आली तरी तो गाडीपर्यंत पोहोचत नाही. लँथनाइडयुक्त द्रव्यातील प्रकाशाची गत अशीच होते. शंभर भागांत एक भाग लँथनाइड असले, तरी सगळ्या द्रव्याच्या अपारदर्शकतेवर त्यांचाच अंमल चालतो.

परिणाम तीन होतात. अपारदर्शकता शंभरपट झाली, की प्रकाश शिखरावर पोहोचण्याचा काळ सुमारे दहापट लांबतो. जे एका दिवसात घडायचे त्याला आठवडा किंवा अधिक लागतो. तोवर किरणोत्सर्गाची भट्टी बरीच विझलेली असते, त्यामुळे शिखर मंद होते. आणि द्रव्यही पसरून थंडावलेले असते. निळ्या व अतिनील भागात रेषांची दाटी सर्वांत जास्त, तर अवरक्त भागात ती विरळ. म्हणून ऊर्जेला वाट मिळते ती तांबड्या व अवरक्त प्रकाशातूनच. चिवल्याच्या किंवा तारकर्लीच्या किनाऱ्यावर मावळतीचा सूर्य लाल दिसतो, तेथेही निळा प्रकाश वाटेत गळतो. पण तेथे हवेचे रेणू तो इतस्ततः विखुरतात. किलोनोव्हात तो अणूंच्या पोटात शिरतो आणि लाल होऊन बाहेर येतो.

आधी निळा, मग लाल

१७ ऑगस्ट २०१७ रोजी भारतीय वेळेनुसार सायंकाळी ६ वाजून ११ मिनिटांनी अमेरिकेतील दोन 'लायगो' व इटलीतील 'व्हर्गो' या वेधशाळांपर्यंत गुरुत्वीय लहरी पोहोचल्या. त्यांचा माग सुमारे शंभर सेकंद लागला. लहरी थांबल्यावर १.७ सेकंदांनी 'फर्मी' उपग्रहाने गॅमा किरणांचा स्फोट नोंदवला. या गॅमा किरणांची नोंद भारताच्या 'अॅस्ट्रोसॅट' उपग्रहावरील उपकरणात झाली नाही, आणि ही न झालेली नोंदही उपयोगी पडली. त्या क्षणी आकाशाचा जो भाग अॅस्ट्रोसॅटच्या दृष्टीने पृथ्वीआड होता, स्फोट त्याच बाजूला झाला असला पाहिजे, असा तिचा अर्थ निघाला.

पुढील काही आठवडे जगभरच्या दुर्बिणींनी जे पाहिले, ते २०१३ च्या गणिताशी आश्चर्यकारकरीत्या जुळले. पहिल्या दिवशी प्रकाश निळसर होता. दोनेक दिवसांत निळा ओसरला, आणि अवरक्त प्रकाश मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळला. एकाच घटनेत दोन रंग कसे? टक्करीनंतर ध्रुवांच्या दिशेने बाहेर पडलेल्या द्रव्यावर न्यूट्रिनोंचा मारा होऊन त्यातील बरेच न्यूट्रॉन प्रोटॉनांत बदलले. न्यूट्रॉनांचा साठा घटल्यामुळे तेथे शिडी लँथनाइडच्या अलीकडेच थांबली. द्रव्य तुलनेने पारदर्शक राहिले आणि निळा प्रकाश लवकर सुटला. विषुववृत्ताच्या पातळीत न्यूट्रॉन विपुल राहिले, शिडी वरपर्यंत चढली आणि लाल पडदा तयार झाला. हे चित्र आज बहुतांश अभ्यासकांना मान्य आहे. पहिल्या काही तासांच्या निळ्या प्रकाशात किरणोत्सर्गाचा वाटा किती आणि टक्करीतून सुटलेल्या झोताने तापवलेल्या द्रव्याचा किती, हा वाद मात्र मिटलेला नाही.

'अवकाशात सोने सापडले' अशा मथळ्यांनी तेव्हा वृत्तपत्रे भरली होती. काटेकोरपणे बोलायचे तर सोने कोणालाच दिसलेले नाही. सोन्याच्या अणूची बाह्य रचना साधी, त्याच्या रेषा थोड्या आणि मुख्यतः अतिनील भागातल्या. एवढ्या गलबल्यात त्याचा आवाज ऐकू येणे कठीण. त्याचे अस्तित्व अनुमानाने मानले जाते. ज्या शिडीवर लँथनाइड आहेत, त्याच शिडीवर थोडे वर, ७९ व्या पायरीवर सोने आहे. शेजारी घरात असल्याची खूण पटली, म्हणून हाही घरात असणार, असा हा तर्क आहे. तर्क भक्कम आहे, पण तो तर्कच आहे.

स्वतंत्रपणे ओळखले गेलेले पहिले मूलद्रव्य ठरले ते स्ट्राँशियम, अणुक्रमांक ३८. त्याच्या रेषा मोजक्या पण जोरकस असल्यामुळे गर्दीतही त्याचा माग लागला. हे संशोधन ऑक्टोबर २०१९ मध्ये 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हे नियतकालिक बरोबर दीडशे वर्षांपूर्वी, १८६९ मध्ये, सुरू केले होते ते विजयदुर्गला आलेल्या लॉकियर यांनीच! त्याहून गमतीची बाब पुढे घडली. एक मायक्रोमीटरच्या आसपासची ती खूण स्ट्राँशियमची नसून १.०८ मायक्रोमीटरवरील हेलियमच्या रेषेची असू शकेल, अशी शंका २०२२ पासून काही अभ्यासकांनी मांडली. १८६८ मध्ये पिवळी रेषा सोडियमची की आणखी कोणाची, असा प्रश्न होता. दीड शतकानंतर हेलियम पुन्हा त्याच प्रकारच्या वादात उभा राहिला. वर्णपट कसे बदलत गेले याची तासागणिक तुलना झाल्यावर सध्या पारडे स्ट्राँशियमच्या बाजूने झुकलेले दिसते. २०२२ मध्ये लँथनम व सिरियम यांच्या खुणाही ओळखल्याचे जपानी संशोधकांनी जाहीर केले. ७ मार्च २०२३ च्या एका गॅमा स्फोटानंतर 'जेम्स वेब' दुर्बिणीने टेल्युरियमची रेषा टिपली.

न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर ही जड मूलद्रव्यांची एकमेव भट्टी आहे, असेही आता ठामपणे म्हणता येत नाही. २००४ च्या डिसेंबरमध्ये एका अतिचुंबकीय न्यूट्रॉन ताऱ्यावर झालेल्या भडक्याच्या जुन्या नोंदी तपासून, तेथेही अशी मूलद्रव्ये घडली असावीत, असे २०२५ मध्ये मांडण्यात आले. कोणत्या भट्टीचा वाटा किती, हे ठरवण्यासाठी आणखी किलोनोव्हा पाहणे हाच मार्ग आहे, आणि तेथेच अडचण आहे.

अकरा तास

२०१७ मध्ये लहरी आल्या तेव्हा ती दीर्घिका वासुकी तारकासमूहात, सिंधुदुर्गच्या नैर्ऋत्य आकाशात होती. सूर्यास्तानंतर ती अरबी समुद्रावर दिसेल अशा जागी होती आणि रात्री साडेनऊच्या सुमारास मावळली. मात्र लहरी कोठून आल्या याचा नकाशा खगोलशास्त्रज्ञांच्या हाती पडला तो रात्री ११ वाजून २४ मिनिटांनी. लायगोच्या एका वेधशाळेच्या नोंदीत नेमक्या त्याच वेळी गोंगाटाचा झटका मिसळला होता, तो वेगळा करण्यात वेळ गेला. ऑगस्टमधले ढग बाजूला ठेवले, तरी देशातील दुर्बिणींच्या हातून ती रात्र नकाशा येण्यापूर्वीच गेली होती. चिलीत अंधार पडेपर्यंत वाट पाहावी लागली, आणि त्यात अकरा तास उलटले.

फक्त दोन लायगो वेधशाळांच्या आधारे शोधक्षेत्र १९० चौरस अंश होते. व्हर्गोची भर पडताच ते ३१ वर आले. याउलट २५ एप्रिल २०१९ च्या अशाच घटनेवेळी लायगोची एक वेधशाळा बंद होती. शोधक्षेत्र आठ हजार चौरस अंशांच्या वर, म्हणजे आकाशाच्या एक पंचमांश भागाएवढे पसरले आणि प्रकाश सापडलाच नाही.

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे होऊ घातलेल्या 'लायगो-इंडिया' प्रकल्पाचे महत्त्व या आकड्यांत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला अंतिम मंजुरी दिली असून २०३० च्या सुमारास तो कार्यान्वित व्हावा, असे नियोजन आहे. पुण्याचे 'आयुका' हे त्यातील प्रमुख भागीदार आहे. जगाच्या या बाजूला आणखी एक कान आला, की लहरींची दिशा अधिक अचूक सांगता येईल. पुढच्या टप्प्याची तयारी काही प्रमाणात झालेली आहे. जुन्नर तालुक्यातील खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीने २०१७ च्या टक्करीनंतरच्या रेडिओ लहरींचा मागोवा घेतला होता. लडाखमधील हानले येथे मुंबई आयआयटी आणि भारतीय खगोलभौतिकी संस्था यांची ०.७ मीटरची दुर्बीण २०१८ पासून अशाच अल्पजीवी प्रकाशांच्या मागावर आहे.

अवरक्त प्रकाश थांबायला तयार असतो. त्याला लँथनाइडच अडवून धरतात. निळा थांबत नाही. २०१७ चे पहिले अकरा तास कोणत्याही दुर्बिणीत नोंदले गेले नाहीत, आणि झोत की किरणोत्सर्ग हा वाद त्यामुळेच पुढच्या टक्करीपर्यंत लांबणीवर पडला आहे.